टॅक्सी माझ्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या

२०२४च्या जूनमध्ये मी सेकंड हँड टुरिस्ट टॅक्सी घेतली. डिझायर टूर, कंपनी फिटेड सीएनजी, मार्च २०२१चं पासिंग, एमएच ०३. त्याआधी सात वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, रोजचे ठरलेले पैसे मालकाच्या हातात ठेवायचे आणि गॅस भरून जे उरेल ते आपलं. अण्णांनी पण सगळं आयुष्य काळी-पिवळी पद्मिनी चालवली, पण ती कधीच त्यांची स्वतःची नव्हती, त्यामुळे आमच्या घरात स्वतःच्या नावावरची पहिली गाडी हीच. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, थोडे साठवलेले होते, थोडे मेव्हण्याने दिले, असं करून ४ लाख ४० हजारांत सौदा झाला.

विकणारे दादा घाटकोपरच्या स्टँडवरचे ओळखीचेच, गावी जाऊन राहायचं म्हणून गाडी काढत होते, माणूस एकदम सरळ. ट्रान्सफरचं काम वडाळा आरटीओला एका एजंटकडे दिलं. फॉर्म २९, फॉर्म ३०, परमिट ट्रान्सफर, टॅक्स, फिटनेस बघणं हे सगळं तो करणार होता. मी त्याला तेव्हाच विचारलं होतं की इन्शुरन्सचं काय करायचं, तर म्हणाला, "भाऊ, पॉलिसी मार्चपर्यंत आहे ना? मग टेन्शन कशाला घेता, इन्शुरन्स गाडीवर असतो, माणसावर नसतो, मार्चला रिन्यू करताना तुमचं नाव टाकून घेऊ." हे वाक्य मी नंतर स्टँडवर, गॅसच्या लाईनीत, गॅरेजमध्ये कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय. मला तेव्हा ते पटलं. पॉलिसी फुल होती, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस ३५ टक्के, कागद चकाचक. ११ जुलैला आरसी माझ्या नावावर झाली, मोबाईलवर एम-परिवहन ह्या सरकारी ॲपमध्ये स्वतःचं नाव बघितलं, अण्णांना दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

६ ऑगस्टला संध्याकाळी एलबीएस मार्गावरून कुर्ल्याकडे येत होतो, मागे एक आजी बसलेल्या, त्यांना सायनला सोडायचं होतं. पाऊस चालू, पुढे बेस्टची बस थांबली म्हणून मी ब्रेक मारला, गाडी थांबली पण मागून टेम्पो आला तो थांबलाच नाही. दिकी पार आत आणि त्या धक्क्याने मी पुढे बसच्या मागच्या बाजूला, बोनेट, बंपर, एक हेडलाईट, रेडिएटरचा सपोर्ट सगळं गेलं. टेम्पोवाला रिव्हर्स घेऊन बाजूच्या गल्लीत पळाला, नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसले. आजींच्या कपाळाला पुढच्या सीटचा मार लागला होता. त्यांना रिक्षाने भाभा हॉस्पिटलला घेऊन गेलो, त्यांच्या मुलाला फोन केला, ड्रेसिंग झालं, डॉक्टर म्हणाले काही गंभीर नाही. त्या माझाच हात धरून बसल्या होत्या, "बाळा तुझी चूक नाही" म्हणत होत्या, आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं, यांना जास्त लागलं असतं तर काय झालं असतं. खोटं बोलत नाही, त्या रात्री गाडीचा विचार नंतर आला.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला नोंद केली, कंपनीला फोन करून क्लेम इंटिमेशन दिलं, नंबर मिळाला. गाडी विक्रोळीच्या गॅरेजला टो करून आणली. तिसऱ्या दिवशी नुकसान बघायला सर्व्हेअर साहेब आले, फोटो काढले, चासी नंबर बघितला, लायसन्स, बॅज, परमिट, फिटनेस, पीयूसी सगळे कागद मागितले, सगळं होतं. मग आरसी बघितली आणि पॉलिसी बघितली आणि मला विचारलं, "ह्या पॉलिसीवरचे कोण तुमचे?" मी म्हटलं त्यांच्याकडून गाडी घेतली. "पॉलिसी ट्रान्सफर केली नाही?" मी एजंटचंच वाक्य त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, मी रिपोर्ट देतो, निर्णय कंपनीचा. गॅरेजवाल्याने ६८ हजारांचं एस्टिमेट दिलेलं.

वीस दिवसांनी पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण एवढंच की अपघाताच्या दिवशी गाडीचा मालक मी होतो आणि पॉलिसी होती जुन्या मालकाच्या नावावर, माझा आणि कंपनीचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, काही करारच नव्हता, आणि जुन्या मालकाची ती गाडी राहिली नव्हती त्यामुळे त्यांचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. म्हणजे पॉलिसी चालू, हप्ता भरलेला, आणि तरी पैसे दोघांपैकी कुणालाच नाही.

मी चिडून कंपनीच्या ब्रँचला गेलो. तिथे काउंटरवर एक मॅडम होत्या, त्यांनी मला बसवून नीट समजावलं, त्याबद्दल त्यांचे उपकारच मानतो कारण आजवर कुणी समजावलंच नव्हतं. त्यांनी पॉलिसीचा कागद माझ्यासमोर ठेवून मधोमध पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, ह्याचे दोन भाग आहेत. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला काही झालं तर, आणि दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीला काही झालं तर. मालक बदलला की थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो, मोटार वाहन कायद्यात तसं कलम आहे, १५७. पण ओन डॅमेजचा भाग जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला लेखी कळवायचं असतं, जुन्या मालकाची संमती लागते, विक्रीचा पुरावा लागतो, नवा प्रपोजल फॉर्म भरायचा असतो आणि एनसीबीचा फरक भरायचा असतो. तेवढं झालं की मग तो भाग तुमचा.

म्हणजे एजंटचं वाक्य अर्धं खरं होतं. थर्ड पार्टी गाडीवर असतो. ओन डॅमेज माणसावर असतो. ह्या अर्ध्या खऱ्या गोष्टीने माझे पैसे बुडाले, आणि ती पूर्ण खोटी असती तर कदाचित कुणीतरी आधीच टोकलं असतं.

एनसीबीचं पण मला तिथेच कळलं. तो ३५ टक्के डिस्काउंट गाडीचा नसतो, चालवणाऱ्याने, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर त्याने इतकी वर्षं क्लेम घेतला नाही त्याचं ते बक्षीस असतं, २०, मग २५, ३५, ४५, ५० असं वाढत जातं. दादांनी ते कमावलेलं, मी नाही. गाडी विकताना ते त्यांच्याकडेच राहतं आणि त्यांनी त्याच प्रकारातली दुसरी गाडी घेतली तर तिथे वापरता येतं. आणि आपण सेकंड हँड गाडीच्या जाहिरातीत "३५ टक्के एनसीबी असलेली गाडी" वाचून खूश होतो.

आता ब्रँचमधून निघताना मी काय करायला पाहिजे होतं आणि काय केलं ते सांगतो. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी अर्ज दिला, त्यांचं उत्तर तेच आलं. मग सांताक्रूझला एसव्ही रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये विमा लोकपालांचं ऑफिस आहे, तिथे जायचं ठरवलं. तिथे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही, आपणच बोलायचं. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर उत्तर आलं नाही किंवा नामंजूर झालं तर एका वर्षाच्या आत जाता येतं, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण ते ऐकतात. पण अर्ज लिहायला बसल्यावर मला लिहिण्यासारखं काही सापडेना. कंपनीने नियमाप्रमाणेच केलं होतं. चूक माझी होती आणि मी ज्याचं ऐकलं त्याची होती. त्यामुळे गेलो नाही. ज्यांचा क्लेम उगाच कापलाय किंवा महिनोन्महिने अडकवलाय त्यांनी मात्र तिकडे जावं, आमच्या स्टँडवरचे बरेच जण ग्राहक कोर्टाच्या वकिलाला आधीच पैसे देऊन बसतात, त्यांना लोकपाल आहेत हेच माहीत नसतं.

टेम्पोवर पण क्लेम करता आला असता, म्हणजे त्याच्या थर्ड पार्टीवर, त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. पण नंबरच नाही तर कुणावर करणार.

गाडी शेवटी कंपनीच्या पार्टने नाही बनवली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दिकीचं झाकण आणि हेडलाईट सेकंड हँड आणला, बोनेट ठोकून काढलं, ४६ हजारांत काम झालं. तोपर्यंत गाडी उभी. गोल्ड लोनचं व्याज चालू. त्या काळात रात्री दुसऱ्याची गाडी मारायला गेलो, परत भाड्याच्या सीटवर. बायकोने एकदाही पाटल्यांचा विषय काढला नाही, तेच जास्त लागलं.

गाडी रस्त्यावर आल्याबरोबर पहिलं काम पॉलिसी ट्रान्सफर. दादांना गावावरून बोलावलं नाही, ते गणपतीनंतर मुंबईत येणारच होते तेव्हा घाटकोपरला भेटून संमतीपत्रावर सही घेतली. नवी आरसी, फॉर्म २९ची कॉपी, माझं आधार-पॅन, भरलेला प्रपोजल फॉर्म. कंपनीने मोबाईलवर लिंक पाठवली, त्यावरून गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढून इन्स्पेक्शन झालं. ट्रान्सफर फी ५० रुपये. एनसीबीचा उरलेल्या महिन्यांचा फरक जीएसटी धरून साधारण २,२०० रुपये. म्हणजे जे काम जुलैमध्ये तीन हजारांच्या आसपास झालं असतं त्याच्यासाठी मी ४६ हजार घालवले.

मार्च २०२५ला रिन्यूअल आलं आणि ह्या वेळी मी एजंटला म्हटलं, मला एक-एक आकडा सांग कशाचा ते. त्यातून जे समजलं ते लिहितो कारण बहुतेक ड्रायव्हर फक्त शेवटचा आकडा विचारतात.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो कुठल्याही कंपनीत सारखाच, त्यात घासाघीस होत नाही. जून २०२२पासूनचे जे दर आहेत तेच मी भरले. माझ्या गाडीचं इंजिन ११९७ सीसीचं, त्यामुळे १००० ते १५०० सीसीच्या टॅक्सीचा दर, बेसिक ७,९४० आणि वर प्रत्येक पॅसेंजरमागे ९७८. चार पॅसेंजरची गाडी, म्हणजे ३,९१२. एकूण ११,८५२. हजार सीसीच्या आतली असेल तर बेसिक ६,०४० आणि माणशी १,१६२. हेच इंजिन पांढऱ्या पाटीच्या प्रायव्हेट गाडीत असेल तर थर्ड पार्टी ३,४१६ रुपये, बस. मला आधी हा फरक म्हणजे लूट वाटायची. पण ते माणशी ९७८ बघितल्यावर मला भाभा हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या आजी आठवल्या. ते पैसे त्यांच्या सीटचे आहेत. मागच्या सीटवर बसलेल्या पॅसेंजरला काही झालं तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना क्लेम ट्रिब्युनलमधून पैसे मिळतात ते ह्याच भागातून. त्यानंतर त्या आकड्यावर मी कधी कुरकुर केली नाही.

ओन डॅमेज मात्र कंपनीकंपनीवर वेगळा पडतो आणि तिथे घासाघीस चालते. तो आयडीव्हीवर असतो, म्हणजे गाडीची त्यांनी धरलेली किंमत. चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची किंमत नव्याच्या निम्मी धरतात, माझी ३ लाख ३० हजार धरली. एका एजंटने आयडीव्ही २ लाख ७० करून हप्ता कमी करून दाखवला होता, तो मी घेतला नाही. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर मिळणार तेवढेच, आणि मला पाटल्या सोडवायच्या आहेत. झीरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारं कव्हर, चार वर्षांच्या टॅक्सीला कुणी द्यायला तयार नव्हतं. इंजिन प्रोटेक्ट घेतलं. मुंबईत पावसाळ्यात हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे ही ठिकाणं रोजच्या रस्त्यावरची, आणि साध्या फुल पॉलिसीत पूर कव्हर असला तरी पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारल्यामुळे इंजिन गेलं तर ते देत नाहीत, हे आमच्या ओळखीच्या दोघांनी भोगलंय. गाडी पाण्यात बंद पडली की चावीला हात लावायचा नाही, टो करायची.

ओन डॅमेज, इंजिन प्रोटेक्ट, पीए कव्हर, बाकी किरकोळ धरून ९ हजार, त्यावर थर्ड पार्टीचे ११,८५२ आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २४ हजार ६००. एनसीबी शून्य, कारण माझ्या नावावर पूर्ण वर्ष झालेलं नव्हतं.

पीए कव्हर म्हणजे पर्सनल ॲक्सिडेंट, मालक स्वतः चालवत असताना मेला किंवा कायमचा अधू झाला तर १५ लाख. हे २०१८पासून १५ लाखांचं झालंय आणि मालकाच्या नावावर लायसन्स असेल तर घ्यावंच लागतं. माझ्या आधीच्या पॉलिसीत हे दादांच्या नावाने होतं, म्हणजे ६ ऑगस्टला मी गेलो असतो तर माझ्या घरी त्यातला एक रुपया आला नसता. हे मला मार्चमध्ये कळलं आणि मी दोन मिनिटं गप्पच बसलो. गाडीच्या दिकीचं दुःख करत बसलेलो मी सहा महिने.

आणि हे पीए फक्त मालकाचं. रात्री माझ्या गाडीवर तेव्हा एक मुलगा असायचा, रत्नागिरीकडचा, त्याला ह्यातलं काही लागू नाही. त्याच्यासाठी पेड ड्रायव्हर लायबिलिटी म्हणून वेगळी ओळ टाकावी लागते, तिचे मूळ पैसे वर्षाला ५० रुपये. पन्नास. माझ्या कोटेशनमध्ये ती ओळ नव्हती, मी विचारल्यावर एजंट म्हणाला ड्रायव्हर ठेवलाय हे सांगू नका, उगाच कशाला. मला त्याचा राग आला. ज्या पोराच्या आईशी आपण फोनवर बोलतो, त्याच्यासाठी वर्षाला पन्नास रुपये वाचवायचे? ओळ टाकून घेतली. शिवाय त्याला बँकेत नेऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरायला लावला, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. थोडं आहे, पण आहे.

त्याच्या लायसन्सचा पण घोळ होता. त्याच्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, भाड्याच्या गाडीसाठीचा ट्रान्सपोर्टचा शिक्का नव्हता. पूर्वी कंपन्या ह्याच कारणावर क्लेम अडवायच्या. ६ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की साडेसात हजार किलोच्या आतली गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, ट्रान्सपोर्टची असली तरी वेगळा शिक्का लागत नाही. चांगलं झालं. बॅज मात्र मी त्याला काढायला लावलाच, पोलीस व्हेरिफिकेशनला दीड महिना गेला तोपर्यंत रात्रपाळी बंद ठेवली, माझं नुकसान झालं, झालं ते झालं.

पांढऱ्या पाटीवाल्यांचं पण बोललं पाहिजे. माझा चुलत भाऊ भांडुपला राहतो, त्याची प्रायव्हेट अर्टिगा आहे आणि शनिवार-रविवार शिर्डी, गणपतीपुळे अशा ट्रिप मारतो, सोसायटीतल्या लोकांच्याच, पैसे घेऊन. तो मला म्हणायचा तू वेडा आहेस, बारा हजार भरतोस, मी साडेतीन हजारांत काम करतो. मी त्याला त्याचीच पॉलिसी उघडून दाखवली. त्यात वापराची मर्यादा म्हणून एक परिच्छेद असतो, सगळ्यांच्या पॉलिसीत असतो, त्यात लिहिलंय की भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर केल्यास पॉलिसी लागू नाही. म्हणजे ट्रिपमध्ये ठोकली तर गाडीचे पैसे शून्य. आणि कुणी माणूस गेला तर त्याहून वाईट, कारण परमिट नसताना भाड्याने गाडी वापरणं हे कंपनीला बचावाचं कारण कायद्यातच दिलेलं आहे. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने परमिटशिवाय चालवणं हा मूलभूत भंग धरला. अशा वेळी कोर्ट कंपनीला सांगतं की आधी त्या घरच्यांना पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. ज्याचं माणूस गेलं त्याला मिळतं हे बरोबरच आहे. पण वसुली येते ती मालकाच्या घरावर, पंधरा लाख, वीस लाख, कितीही. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही, गप्प बसला. त्याने अजून गाडीचं टॅक्सीत कन्व्हर्जन केलेलं नाही. ट्रिप मात्र बंद केल्यात असं वहिनी म्हणाली, मी त्याला परत विचारलं नाही.

अजून एक सवय लावून घेतली ती म्हणजे पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी कंपनीच्या साईटवर नंबर टाकून बघायचं आणि एम-परिवहनमध्ये बघायचं. आमच्या स्टँडवर एकाला तीन हजार स्वस्त पडली म्हणून त्याने कुणाकडून तरी घेतली, नाकाबंदीत निघालं की तो पॉलिसी नंबर टू व्हीलरचा आहे. वर्षभर तो पॅसेंजर घेऊन बिनविम्याचा फिरत होता. बिनविम्याचा पहिला दंड २ हजार, दुसऱ्यांदा ४ हजार, तीन महिन्यांपर्यंत कैद पण आहे, पण दंड सोडा हो, पॅसेंजर घेऊन फिरत होता.

कागदावर मी आता पाच गोष्टी बघतो, नाव, चासी नंबर, गाडीचा प्रकार पॅसेंजर कॅरिंग आहे का, सीट चार अधिक एक आहेत का, आणि वापराचा परिच्छेद. पॉलिसी मराठीत का मिळत नाही हे मला कळत नाही. हप्ता भरणारा मराठी, रस्ता मराठी, आणि ज्या ओळीवर क्लेम अडकतो ती ओळ आठ नंबरच्या इंग्रजी अक्षरात.

नोव्हेंबर २०२५मध्ये गांधीनगर जंक्शनला एका ट्रकने डाव्या बाजूला घासलं. ह्या वेळी थांबून जागेवरच फोटो काढले, ट्रकचा नंबर घेतला, तिथूनच इंटिमेशन दिलं. मागच्या वेळचा सर्व्हेअर नव्हता पण प्रश्न तेच, पहिला प्रश्न आरसी आणि पॉलिसीवरचं नाव. बिल झालं २१ हजार २००. पार्ट जुना म्हणून कंपनी काही टक्के कापते, त्यालाच कटिंग म्हणतात. बंपर प्लास्टिकचा, त्याचे ५० टक्के कापतात, ३,२०० चे १,६०० मिळाले. दरवाज्याचा पत्रा ९ हजारांचा, चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला ३५ टक्के कटिंग, ५,८५० मिळाले. पेंटच्या ६ हजारांतला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या मालाचे निम्मे कापतात, म्हणजे साडेसातशे गेले. डेंटिंगची मजुरी ३ हजार पूर्ण. काच फुटली असती तर तिला कटिंग नसतं. एक्सेस, म्हणजे दर क्लेममध्ये आपण सोसायची ठरलेली रक्कम, कापून हातात १५ हजार आणि वर थोडे आले, अकराव्या दिवशी खात्यात. मार्च २०२६ला मिळणारा २० टक्के एनसीबी गेला, पण तो माझ्या हप्त्यात पंधराशे-अठराशेचा, त्यापुढे पंधरा हजार घेणं बरोबरच होतं. पाच हजारांच्या आतलं काम असतं तर क्लेम टाकला नसता.

रात्रीच्या पोराने जानेवारी २०२६मध्ये स्वतःची सेकंड हँड वॅगनआर टॅक्सी घेतली. ट्रान्सफर झाल्याचा मेसेज मला फॉरवर्ड केला, मी लगेच फोन करून विचारलं की इन्शुरन्स कुणाच्या नावावर, तर म्हणाला, "दादा, जुन्या मालकाच्या, एजंट बोलला मार्चपर्यंत चालतो." त्याच दिवशी दुपारी भाडी बंद करून आम्ही दोघं नालासोपाऱ्याला जुन्या मालकाच्या घरी गेलो, ते कामावर होते, संध्याकाळपर्यंत थांबलो, त्यांच्या आईने चहा दिला, सात वाजता ते आल्यावर संमतीपत्रावर सही घेतली. दुसऱ्या दिवशी अर्ज भरला, पोच शिक्का मारून घेतली. आठव्या दिवशी त्याच्या नावाची एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या नावबदलाचा कागद, आली, पीए कव्हरसकट. त्याने प्रिंट काढून आधी आईला फोटो पाठवला, मग मला.